३२१ च्या वेल्डमध्ये नायोबियम कुठून आलं? आणि कोलंबियम म्हणजे काय?

प्रश्न रबाळेहून आलाय. विचारणारा एमआयडीसीतल्या प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला लागून आठ महिने झालेला डिप्लोमा इंजिनिअर आहे. त्याने ३२१ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा जोड पीएमआय गनने (धातूत कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते जागेवर दाखवणारी हातातली एक्सरे गन) तपासला. प्लेटवर टायटेनियम दिसलं, वेल्डवर जवळजवळ नाहीच, उलट नायोबियम दिसलं. मग वेल्डरने चुकीची वायर लावली का? शिवाय त्यांच्याकडे एका चौकशीत ‘कोलंबियमची हीटिंग कॉइल’ मागितली आहे. हा कुठला धातू, आणि नायोबियमचे एकूण गुणधर्म आणि उपयोग काय, असं त्याला हवंय.

वेल्डर निर्दोष आहे, त्याला आधी चहा पाजा. ३२१ च्या प्लेटला ३४७ ची वायर (ही नायोबियम असलेली स्टेनलेसची दुसरी ग्रेड) हीच नेहमीची आणि योग्य जोडी. तुमच्याच डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंग कसं करायचं त्या कागदात, फिलरच्या (जोडात भरायच्या वायरच्या) रकान्यात बघा, बहुतेक ईआर ३४७ लिहिलेलं सापडेल. जोड नापास करून ग्राइंडिंगला दिला असेल तर थांबवा.

आता कारण. तीस वर्षं वागळे इस्टेट ते तुर्भे या पट्ट्यात धातूंच्या तपासणीत काढली, आणि नायोबियमबद्दल माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलीय: हा भुकेला धातू आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन, जे छोटं मूलद्रव्य समोर येईल ते हा गिळतो. त्याच्या पानात तुम्ही काय वाढता यावर तो कामाचा की डोकेदुखीचा हे ठरतं. हँडबुकातले आकडे नंतर पाठ करा, आधी ही भूक लक्षात ठेवा.

स्टेनलेसमध्ये आपण त्याला कार्बन वाढतो. साधं ३०४ घ्या, त्यात अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं आणि थोडा कार्बन. वेल्डिंग करताना जोडाच्या शेजारची पट्टी साधारण ४५० ते ८५० अंशांमधून जाते. या तापमानात कार्बन धातूच्या कणांच्या सीमांवर जमतो आणि तिथलं क्रोमियम ओढून घेतो. क्रोमियम कार्बाइड तयार होतं आणि सीमेलगतची बारीक पट्टी क्रोमियमला मुकते. स्टेनलेसला ‘स्टेनलेस’ ठेवायला लागणारं किमान क्रोमियमही तिथे उरत नाही. मग आम्ल नेमकं त्याच रेषेने आत शिरतं. बाहेरून टाकी चकाचक असते आणि आत कण एकमेकांपासून सुटलेले असतात. असा तुकडा मी हाताने मोडलाय. साखरेच्या ढेकळासारखा भुगा होतो.

यावर एक उपाय म्हणजे कार्बनच कमी ठेवायचा, ते ३०४एल. दुसरा उपाय म्हणजे क्रोमियमपेक्षा जास्त भुकेलं कोणीतरी आत बसवायचं, जे कार्बन आधीच पकडून ठेवेल. ३२१ मध्ये ते काम टायटेनियम करतं, ३४७ मध्ये नायोबियम. ३४७ च्या स्पेसिफिकेशनमध्ये नायोबियम कार्बनच्या किमान दहापट हवं आणि कमाल १ टक्का. हा दहाचा आकडा कुठून आला हे एकदा कागदावर करून बघा. नायोबियमचा अणुभार ९३, कार्बनचा १२. एकास एक जोडी लावली तर वजनात ७.७५ पट लागतं. पण पंगतीत नायट्रोजनही बसलेला असतो, तोही वाटा मागतो, म्हणून वर थोडं ठेवून दहा. टायटेनियमचा अणुभार ४८, तिथे चारपट लागतं, म्हणून ३२१ मध्ये पाचपटीचा नियम. शाळेतलं त्रैराशिकच, पण शॉप फ्लोअरवर ते कोणी सांगत नाही.

मग ३२१ ला ३२१ चीच वायर का नाही? कारण टायटेनियमची भूक नायोबियमपेक्षाही अनावर. वेल्डिंगच्या आर्कमधून थेंब पलीकडे जाईपर्यंत ते तिथल्या ऑक्सिजन-नायट्रोजनशी संयोग करून बसतं, बरंचसं स्लॅगमध्ये किंवा धुरात जातं. जोडात किती पोचेल याचा भरवसा नाही. नायोबियम मात्र आर्क ओलांडून बहुतांशी शाबूत पोचतं. म्हणून प्लेट टायटेनियमची आणि जोड नायोबियमचा.

गनबद्दलही एक गोष्ट. हातातली एक्सरे गन कार्बन बघूच शकत नाही, इतक्या हलक्या मूलद्रव्याचे किरण तिच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे गनवर नायोबियम ०.६ टक्के दिसलं म्हणजे ३४७ पास, असं समजू नका. ०.६ पुरेसं आहे का ते कार्बन ०.०४ आहे की ०.०८ यावर ठरतं. ०.०८ असेल तर ०.८ हवं होतं. कार्बनसाठी एमटीसी (मालासोबत येणारं मिलचं चाचणी प्रमाणपत्र) बघा, शंका आली तर तुकडा लॅबमध्ये स्पेक्ट्रोला पाठवा.

आणि तरी जिवाची खात्री हवी असेल तर आयजीसी टेस्ट, म्हणजे कणांच्या सीमांवरून होणारा गंज तपासणारी चाचणी. तिच्या प्रॅक्टिस ई या पद्धतीत नमुना आधी ६७५ अंशांच्या आसपास तासभर ठेवून मुद्दाम बिघडवायचा प्रयत्न करतात, मग मोरचूद आणि गंधकाम्लाच्या उकळत्या द्रावणात तांब्याच्या चुऱ्यासोबत पंधरा तास. नंतर तो १८० अंशात वाकवायचा आणि वाकलेल्या पाठीवर भिंग धरायचं. चांगला नमुना नुसता वाकतो, पाठ गुळगुळीत राहते. बिघडलेल्याच्या पाठीवर माशाच्या खवल्यांसारख्या भेगा उभ्या राहतात. एकदा डोळ्यांनी बघा, परत विसरणार नाही. एक बारीक पण खरी अडचण सांगून ठेवतो: जोडाला अगदी चिकटून असलेल्या रेषेत तापमान इतकं चढतं की नायोबियमने पकडलेला कार्बनही सुटतो. नंतर तीच रेषा पुन्हा सहा-सातशे अंशांना तापली तर कार्बन क्रोमियमकडे जातो आणि सुरीने चिरल्यासारखी बारीक चर पडते. अशा टाक्यांना ८५० ते ९०० अंशांच्या दरम्यान स्टॅबिलायझिंगची उष्णताक्रिया देतात, म्हणजे नायोबियमला पुन्हा जेवायला बसवतात.

आता कोलंबियम. तो वेगळा धातू नाही, हाच. १८०१ मध्ये चार्ल्स हॅचेट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश म्युझियममधल्या, अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून आलेल्या एका काळ्या खनिजात नवं मूलद्रव्य ओळखलं आणि अमेरिकेच्या कोलंबिया या नावावरून त्याला कोलंबियम म्हटलं. १८०९ मध्ये वोलॅस्टन या दुसऱ्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं की हे म्हणजे टँटलम हा दुसरा धातूच. चुकलं होतं, पण त्या चुकीने पुढची काही दशकं गोंधळ घातला. १८४४ मध्ये हाइनरिश रोझ या जर्मनाने दोन्ही वेगळे असल्याचं सांगून ग्रीक पुराणातल्या टँटलसची मुलगी नायोबी हिचं नाव दिलं. नाव चपखल आहे, कारण ही लेक खनिजात बापाला सोडून क्वचितच सापडते. १८६० च्या दशकात मारिन्याक आणि ब्लोमस्ट्रांड यांच्या कामाने वाद मिटला, आणि १९५० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने नायोबियम हे नाव पक्कं केलं. अमेरिकन कारखानदारांनी मात्र कोलंबियम सोडलं नाही. त्यामुळे जुन्या ड्रॉइंगवर आणि काही एमटीसींवर अजूनही एनबीच्या (Nb, नायोबियमची खूण) जागी सीबी (Cb) छापलेलं दिसतं. तिथे पेन्सिलीने एनबी लिहा आणि पुढे चला.

आकडे थोडक्यात. अणुक्रमांक ४१. घनता ८.५७, म्हणजे स्टीलपेक्षा जरा जड आणि टँटलमच्या साधारण निम्मी. वितळतं २४७७ अंशांना. शुद्ध असेल तर मऊ, थंडच लाटता येतं, तार ओढता येते. रंग स्टीलसारखा करडा, पण उजेडात धरलं तर किंचित निळसर झाक. न्यूट्रॉन फारसे शोषत नाही, म्हणून अणुभट्टीवाल्यांना प्रिय. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधल्या इंधनाभोवतीच्या प्रेशर ट्यूब झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळलेल्या मिश्रधातूच्या असतात.

२४७७ हा आकडा वाचून तरुणपणी मी फसलो होतो. नोकरीला दुसरंच वर्ष. एका लॅबसाठी शुद्ध नायोबियमच्या पट्ट्या वाकवायच्या होत्या, आणि लाटल्यामुळे त्या ताठ झाल्या होत्या. मी विचार केला, अडीच हजाराला वितळणारा धातू, आठशे अंशांनी त्याचं काय होणार? साध्या मफल भट्टीत, उघड्या हवेत, तासभर ठेवल्या. दार उघडलं तेव्हा पट्ट्या पिवळट-पांढऱ्या पापुद्र्यांनी फुगलेल्या, चिमट्याने धरल्यावर पापुद्रे खाली गळाले. आतला गाभा अजून धातूसारखा दिसत होता. तो वाकवायला गेलो आणि कट्‌कन तुटला, उडदाच्या पापडासारखा. नायोबियमने ऑक्सिजन पोटभर खाल्ला होता. बाहेर ऑक्साइड झालं होतं आणि जो आत मुरला त्याने मऊ धातू काचेसारखा करून टाकला होता. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. पट्ट्यांचा आयातीचा कागद काढून किंमत तेवढी वाचायला लावली. तेव्हापासून माझ्यासाठी नायोबियमचा खरा आकडा २४७७ नाही, ४०० आहे. हवेत चारशेच्या पुढे त्याला न्यायचं नाही. त्या वर काम असेल तर व्हॅक्यूम किंवा शुद्ध आर्गॉन.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तुमच्या डोक्यावर वर्षानुवर्षं जळत होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, घोडबंदरला एलईडी यायच्या आधी ते नारिंगी-पिवळे दिवे होते ना, सोडियम व्हेपरचे? आमच्या शॉपच्या आवारातही दोन होते. बाद झालेला एक दिवा मी टेबलावर घेऊन बघितलाय. बाहेर काचेचा मोठा फुगा, आत बोटाएवढी दुधट पांढरी नळी. ती काच नाही, ॲल्युमिनाची सिरॅमिक आहे, कारण तापलेली सोडियमची वाफ काचेला खाऊन टाकते. आता सिरॅमिकच्या नळीत वीज न्यायची कशी? टोकाला धातू हवा, आणि तो गरम होताना सिरॅमिकएवढाच प्रसरण पावणारा हवा, नाहीतर सांधा तडकेल. वर त्याने सोडियमला दाद देता कामा नये. या तिन्ही अटींत बसतं नायोबियम, साधारण एक टक्का झिर्कोनियम घातलेलं. नळीच्या टोकाला ती करडी, पेन्सिलच्या शिशाहून जरा जाड नळकांडी दिसते, तेच ते. आणि चालू दिव्यात ते टोक कित्येक शे अंशांना तापलेलं असतं, म्हणजे हवा लागली तर माझ्या पट्ट्यांसारखी गत. म्हणून बाहेरच्या फुग्यात हवा नसते, निर्वात असतो. फुग्याला चीर गेली की दिव्याचे दिवस भरले. आमच्या इलेक्ट्रिशियनला हे पाठ होतं, ‘हवा धरली’ म्हणायचा. का, ते त्याला मी सांगितलं. (भंगारात असा दिवा मिळाला तर हौसेने फोडू नका. आत सोडियम आणि पारा असतो.)

जगात निघणारं बहुतेक नायोबियम मात्र असल्या नाजूक कामांना जात नाही. साधारण नव्वद टक्के पोलादात जातं, फेरोनायोबियमच्या खड्यांच्या रूपात. प्रमाण ऐकून हसू येईल: ०.०३ टक्के घ्या, म्हणजे एका टनाला तीनशे ग्रॅम. आमटीला हिंग लागतो तेवढं. पण त्या चिमटीने प्लेटची ताकद इतकी वाढते की त्याच कामाला पातळ प्लेट चालते.

ते कसं होतं? मैद्याची पुरी लाटताना आठवा. लाटणं उचललं की पुरी पुन्हा आक्रसते. गरम पोलादही तसंच. रोलखाली चिरडलेले कण पुढच्या रोलपर्यंत जायच्या आत सुटे होतात, नवे गोल कण तयार होतात आणि मोठे व्हायला लागतात. मोठे कण म्हणजे कमकुवत पोलाद. नायोबियम घातलं की बाराशे अंशांच्या आसपास ते पोलादात विरघळलेलं राहतं, आणि रोलिंग करता करता तापमान हजाराखाली आलं की कार्बन-नायट्रोजन पकडून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडू लागतं. हे सूक्ष्म कण धातूच्या कणसीमांना खिळे ठोकल्यासारखे धरतात, त्यांना आक्रसू देत नाहीत. चपटे झालेले कण चपटेच राहतात आणि थंड होताना त्यांच्यातून बारीक कणांचं पोलाद जन्मतं. बारीक कणांची मौज ही की ताकद आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढतात. धातूशास्त्रात एक मिळवायला सहसा दुसरं गमवावं लागतं, इथे नाही. कार्बन कमी ठेवता आल्यामुळे वेल्डिंगही सोपं. गॅस आणि तेल वाहणाऱ्या लांब पाइपलाइनचं एक्स ७० सारखं पोलाद, मोटारींच्या चासिसच्या पट्ट्या, पुलांच्या प्लेटा, सगळीकडे हाच हिंग. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या साध्या दिसणाऱ्या प्लेटच्या एमटीसीवरही एनबी ०.०२ किंवा ०.०४ दिसेल. ती भेसळ नाही, मुद्दाम घातलेलं आहे.

हा माल येतो कुठून? साधारण नव्वद टक्के एकट्या ब्राझीलमधून; मिनास जेराइस राज्यातल्या अराशा गावाजवळची खाण सगळ्यात मोठी. थोडं कॅनडातल्या क्युबेकमधून. भारत फेरोनायोबियम आयात करतो. २०२३ मध्ये केंद्राने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत नायोबियम आहे, आणि त्याच वर्षी ते अणुखनिजांच्या राखीव यादीतून बाहेर काढून खाजगी खाणकामाला मोकळं केलं, रॉयल्टी तीन टक्के. आपल्या कामावर त्याचा परिणाम दिसायला वेळ आहे.

निकेलच्या मिश्रधातूंतही तुम्हाला ते भेटेल. इनकोनेल ६२५ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास, ७१८ मध्ये पाच टक्के. क्लॅडिंगच्या (साध्या पोलादावर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याच्या) कामात पीएमआय करताना ६२५ ओळखायची खूण म्हणजे मॉलिब्डेनम नऊ आणि नायोबियम साडेतीन. ७१८ मध्ये ते निकेलशी संयोग करून जे सूक्ष्म कण बनवतं त्यांच्या जोरावर जेट इंजिनाच्या चकत्या साडेसहाशे अंशांपर्यंत टिकतात.

अंतराळाचं उदाहरण मला भुकेसाठीच आवडतं. नायोबियममध्ये दहा टक्के हाफ्नियम आणि एक टक्का टायटेनियम घातलं की सी-१०३ होतो, रॉकेटच्या नोझलचा जुना मानकरी. पण गरम नोझलला ऑक्सिजन मिळाला की झालं, म्हणून त्यावर सिलिसाइडचा लेप चढवतात. लेपाला चीर म्हणजे नोझलला चीर. आपल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याची नोझल कोलंबियमच्या मिश्रधातूची (इस्रोतही जुनं नाव टिकून आहे). २०२४ मध्ये इस्रोने तिच्याऐवजी कार्बन-कार्बनची हलकी नोझल तयार केल्याचं जाहीर केलं. वजनात साधारण दोन तृतीयांश बचत आणि रॉकेटला पंधरा किलोपर्यंत जास्त भार उचलता येणार. म्हणजे इथे नायोबियमची निवृत्ती जवळ आलीय.

एक गुण मात्र माझ्या भुकेच्या सिद्धान्तात बसत नाही: अतिवाहकता. नेहमीच्या दाबाखाली शुद्ध मूलद्रव्यांमध्ये नायोबियम सगळ्यात वरच्या तापमानाला अतिवाहक होतं, ९.२ केल्विनला. ‘वरच्या’ म्हणजे उणे २६४ अंश सेल्सिअस. त्याखाली विजेला विरोध शून्य. टायटेनियमसोबत त्याचा जो मिश्रधातू होतो त्याची तार चिवट असते, तांब्यात शेकडो बारीक तंतू बसवून ओढता येते. ठाण्यातल्या ज्या हॉस्पिटलात १.५ किंवा ३ टेस्लाचं एमआरआय आहे, त्या यंत्राच्या पिंपात द्रव हेलियममध्ये ४.२ केल्विनला याच तारेचं वेटोळं बुडालेलं असतं. एकदा वीज सोडली की फिरत राहते, रोज बटण दाबून चालू-बंद करायचं काम नाही. म्हणूनच रात्री मशीन ‘बंद’ असतानाही आत लोखंडी स्टूल नेऊ नका म्हणतात. इमारतीच्या बाहेर भिंतीतून वर गेलेला जाड पाइप दिसला तर तो त्यासाठीच: वेटोळं कधी अचानक तापलं तर हेलियम भस्सकन उकळून त्यातून बाहेर पडावा.

जिनिव्हाजवळच्या मोठ्या कण-त्वरकात हीच तार, १२३२ मुख्य चुंबकांत, १.९ केल्विनला, ८ टेस्लाच्या वरचं क्षेत्र देते. त्याहून जास्त हवं असेल तर नायोबियम आणि कथील यांचं संयुग, ते १८ केल्विनपर्यंत अतिवाहक असतं. पण ते ठिसूळ, वाकवलं की तडकतं. मग लोकांनी युक्ती काढली: नायोबियम आणि कथील वेगवेगळे ठेवूनच तार ओढायची, वेटोळं गुंडाळून घ्यायचं, आणि मग सगळं वेटोळं साडेसहाशे अंशांना कित्येक दिवस भाजायचं. संयुग जागच्या जागी तयार होतं. चकली आधी पाडायची आणि मग तळायची, तळलेल्या चकलीला वेटोळं घालता येत नाही. फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलनाच्या प्रकल्पातल्या मोठ्या चुंबकांत हे आहे.

आणि भूक इथेही मागच्या दाराने येतेच. त्वरकात कणांना वेग देणाऱ्या पोकळ धातूच्या डब्या (त्यांना पोकळ्या म्हणतात) शुद्ध नायोबियमच्या पत्र्याच्या असतात, इतक्या शुद्ध की ऑक्सिजन-नायट्रोजन दशलक्षात दहा भागांच्याही खाली लागतो. जोड इलेक्ट्रॉन बीमने, चांगल्या व्हॅक्यूममध्ये. आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने अशा नायोबियमच्या पोकळ्या देशातच बनवल्या आहेत. हैदराबादचं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स हा धातू तयार करतं. तुर्भ्यातल्या शॉपमध्ये उघड्यावर आर्गॉनचा टॉर्च लावून ते काम होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमची कॉइल. ती बहुधा आम्लाच्या टाकीत बुडवून द्रव तापवायला हवी असेल, म्हणून आधी आम्लाचं बघू. नायोबियम आम्लात टिकतं ते ऑक्साइडच्या अतिपातळ, घट्ट पापुद्र्यामुळे. थंडपणी घेतलेला ऑक्सिजन बाहेरच्या कातडीवर थांबतो, आत जात नाही. हाच पापुद्रा विजेने जाड करत नेला तर रंग चढतात: तांबूस, जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा, व्होल्टेजप्रमाणे. रंगद्रव्य काहीच नाही. पावसात पेट्रोल पंपावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तसे उजेडाचे खेळ. ऑस्ट्रियाने २००३ पासून चांदीच्या कड्यात असं रंगीत नायोबियम बसवून पंचवीस युरोची नाणी काढली आहेत. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी कानातलीही याची करतात. समुद्राच्या पाण्यात टायटेनियमपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज हा पापुद्रा सहन करतो, म्हणून जेट्टीचं लोखंड गंजू नये म्हणून लावतात त्या विद्युत संरक्षणात प्लॅटिनम चढवलेल्या नायोबियमचे ॲनोड वापरतात.

पण कुठलंही आम्ल चालतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नायट्रिकमध्ये उत्तम. हायड्रोफ्लोरिक त्याला सरळ विरघळवतं. गरम संहत गंधकाम्ल आणि गरम कॉस्टिक त्याला खातात, शिवाय हायड्रोजन आत जाऊन ते ठिसूळ होतं. गरम संहत हायड्रोक्लोरिकमध्ये टँटलम टिकतं, नायोबियमचा भरवसा धरू नका. लोखंडाला जोडून आम्लात ठेवलं तर गॅल्व्हॅनिक जोडीत ते कॅथोड होतं आणि तिथे निघणारा हायड्रोजन पितं. कॉइलचे सपोर्ट आणि क्लँप कशाचे आहेत ते म्हणूनच आधी विचारा. कॉइल तिथूनच मोडते, मधे नाही.

बनवायला घेतलीच तर: ट्यूबसाठी एएसटीएम बी ३९४, पत्र्यासाठी बी ३९३. वाकवणं थंडच. मशीनिंगला धातू हत्याराला चिकटतो, धारदार एचएसएस आणि भरपूर कूलंट. वेल्डिंग ग्लव्ह बॉक्समध्ये, आतून-बाहेरून शुद्ध आर्गॉन, आणि जोड दोनशे अंशांखाली येईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. जोड चांदीसारखा पांढरा हवा. गवती पिवळ्यावर मी कुरकुरत सही केलीय, निळ्या-जांभळ्यावर कधीच नाही. कानातल्यात जो रंग शोभा, तोच वेल्डवर नापासाचा शिक्का. पिकलिंगला (आम्लात बुडवून पृष्ठभाग साफ करायला) हायड्रोफ्लोरिक लागतं; ज्या शॉपमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम (या आम्लाने भाजल्यावरचा प्रथमोपचार) हाताशी नाही तिथे ते काम करू देऊ नका, भले डिलिव्हरी चुको.

दर देण्याआधी ग्राहकाला तीन गोष्टी लेखी विचारा. आम्ल कुठलं आणि किती टक्के, त्यात फ्लोराइडचा अंश आहे का. कॉइलच्या भिंतीचं तापमान किती, टाकीतल्या द्रवाचं नव्हे. आणि टायटेनियम का चालत नाही. माझ्या अनुभवात या तिसऱ्या प्रश्नावर निम्म्या चौकशा टायटेनियमवर उतरतात, कारण कोणीतरी जुन्या ड्रॉइंगवरून ‘कोलंबियम’ उतरवून घेतलेलं असतं आणि मूळ प्लांटमध्ये काय होतं ते कोणाला आठवत नसतं.